आईंना थंडी सोसत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "निशिगंधा, तुझ्याकडे जाड पायमोजे आहेत ना गं? नसतील तर सांग, माझ्याकडे दोन जोड जास्तीचे आहेत!" मला! मला विचारतात! अहो, ज्या बाईला थंडी सोसत नाही म्हणून आम्ही दीड महिना घरात चोरासारखे कुजबुजत फिरलो, ती बाई मला पायमोजे देतेय!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, सून आहे, बोलणारच.

ऑकलंडला, टाकानिनीत आमचं घर. मी हॉस्पिटलात नर्स, नितीश माउंट वेलिंग्टनला ऑफिसात, आमची देवयानी दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत, आणि आई. म्हणजे माझ्या सासूबाई. वय बाहत्तर. आता आईंना थंडी सोसत नाही हे आमच्या घरातलं पहिलं कलम. तुम्हाला सांगते, डिसेंबर महिना, म्हणजे इथला भर उन्हाळा, अख्खं ऑकलंड पोहायचे टॉग्ज घालून समुद्रात, आणि आमच्या आई वाळूवर कानटोपी, शाल, मांडीवर गरम पाण्याची पिशवी! लोक थांबून, नमस्कार-बिमस्कार करून विचारतात, "किआ ओरा, इज शी ओके?" काय सांगू? ओकेच आहे, अशीच असते!

तर नितीशच्या डोक्यात आलं सप्पोरो. जपानात. फेब्रुवारीत तिथे बर्फाचा उत्सव असतो, बर्फाचे पुतळे, इमारतीएवढे! मी म्हटलं, जाऊया की! मग दोघांनी एकदम एकमेकांकडे पाहिलं... आणि आई?

"उणे आठ असतं गं तिथे. आईला सोसेल का?" नितीश.

"छे!"

"तिला रोटोटुनाला अस्मिताकडे ठेवू." अस्मिता माझी नणंद. "आणि सांगू, माझी कॉन्फरन्स आहे."

बायको-मुलीला घेऊन कुठली कॉन्फरन्स असते, हे तेव्हा ना त्याच्या डोक्यात आलं ना माझ्या. झालं. जेवताना इंग्रजीत बोलायचं, त्यातही हळू, सप्पोरो म्हणायचंच नाही, कॉन्फरन्स म्हणायचं. "कॉन्फरन्सला हॉटेल मिळालं का?" "कॉन्फरन्स फुल आहे गं!" आणि आई समोर बसून शांतपणे आमटीभात कालवतायत.

अशात एक दिवस मुग्धाचा फोन. माझी मैत्रीण, फार्मसिस्ट आहे, उगाच घाबरवणारी नाही.

"निशी, तुझ्या सासूबाई इथे सुपरमार्केटमध्ये आहेत."

"असतील की. भाजी आणायला गेल्यात."

"अगं, फ्रोझन मटारपाशी उभ्या आहेत. दोन्ही हात आत घालून. वीस मिनिटं झाली!"

मी मटकन खाली बसले. कुठे? तर वॉर्डातल्या कमोडच्या खुर्चीवर! नर्स आहे हो मी. वय बाहत्तर, फ्रीजरमध्ये हात, वेळेचं भान नाही... पुढचं सगळं चित्रच डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि आपण या बाईला टाकून बर्फ बघायला निघालोय!

मग मी गुपचूप त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी सुरू केली. सहज विचारल्यासारखं, "आई, आज वार कोणता?"

"गुरुवार. तुझी सुट्टी. बरं नाही वाटत का तुला?"

"शंभरातून सात-सात वजा करत याल का जरा?"

"तूच कर. मी भेंडी चिरतेय."

मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. सफरचंद, टेबल, नाणं. पाच मिनिटांनी विचारलं, "काय होते शब्द?" तर म्हणतात, "सफरचंद, टेबल, नाणं. आणि दूध आणायचं तू कालपासून विसरतेयस."

जरा जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत शनिवार उजाडला. मी न्हाणीघराचं दार ढकललं आणि... काय बघते! टबमध्ये बर्फ! कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे दुकानातून, आणलेल्या पिशव्याच्या पिशव्या रिकाम्या केलेल्या, आणि मधोमध आई. साडी वर खोचलेली, पायात गमबूट, हातात घड्याळ!

मी मटकन खाली बसले. टबाच्या काठावर. बर्फाचा एक खडा थेट माझ्या मांडीखाली, पण कळतंय कुणाला!

"आई... काय करताय?"

"अकरा मिनिटं झाली. थांब, बोलू नकोस."

ओरडत नितीशला बोलावलं. आईंना सोफ्यावर बसवलं, शाल घातली. नितीशने त्यांचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी हो त्याच्या! म्हणाला, "आई, आपण एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?"

"मंगळवारीच जाऊन आले मी. म्हणाल्या, प्रवासाला काही हरकत नाही."

"कुठल्या प्रवासाला?"

"सप्पोरोच्या."

मी पुन्हा मटकन खाली बसले असते, पण आधीच बसलेली होते, काय करणार!

तर झालं होतं असं. लायब्ररीत आई बुधवारी कागदाचे पक्षी करायला जातात. तिथे मिचिको नावाची बाई भेटली, यांच्याच वयाची. मूळची सप्पोरोची. दोघींचं इंग्रजी मिळून एका माणसापुरतं, पण गप्पा म्हणाल तर तीन-तीन तास! मिचिकोबाई फेब्रुवारीत बहिणीकडे निघाल्या, म्हणाल्या चल. आई म्हणाल्या चला! तिकीट झालं. व्हिसा? आला! हातमोजे कुठले टिकतात ते मटारवर तपासून झालं, बूट टबात!

"आई, पण तुला थंडी सोसत नाही!" नितीश जवळजवळ किंचाळला.

"नाहीच सोसत. म्हणून तर तयारी करतेय."

"पण कशासाठी एवढं?"

आई शालीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "एकतीस वर्षं जयसिंगपूरला सातवीला भूगोल शिकवला रे. होक्काइडो बेटावर हिवाळ्यात जोरदार हिमवृष्टी होते... फळ्यावर लिहून द्यायची. एका वर्षी एका मुलीने विचारलं, बाई, बर्फ पडताना आवाज होतो का? मी ठणकावून सांगितलं, होत नाही. तर म्हणते कशी, तुम्ही ऐकलाय? सगळा वर्ग हसला. मी तिला बाकावर उभं केलं." शालीचं टोक सोडून म्हणाल्या, "चूक तिची नव्हती."

नऊ वर्षं एका घरात राहतोय आम्ही. मी त्यांची शुगर विचारली, गुडघा विचारला, कानटोपी धुऊन दिली. तुम्हाला कुठे जावंसं वाटतं का, हे नाही हो विचारलं कधी!

नितीश बारीक आवाजात म्हणाला, "मग आम्हाला सांगायचं तरी."

"तुम्ही सांगितलंत?" आई म्हणाल्या. "मी म्हटलं, कॉन्फरन्स झाली की सांगतील."

मी जमिनीकडे बघतेय, नितीश छताकडे. आणि देवयानी? ती आजीच्या कुशीत शिरून, "आय वॉन्ट टू गो विथ आजी!" स्वीट अ‍ॅज! म्हणजे झकास! आजीने लगेच होकार दिला. म्हणजे पोर गेली तिकडे. राहिलो कोण? आम्ही दोघं. आणि आम्हाला सप्पोरोत एक खोली मिळत नव्हती! अहो, जग लोटतं तिथे, लोक वर्षभर आधी बुकिंग करतात! शेवटी मिळाली ती ओतारूला. दुसऱ्या गावात, ट्रेनने पाऊण तास.

मी लाज बाजूला ठेवून विचारलं, "आई, मिचिकोबाईंच्या बहिणीकडे आणखी दोन माणसं..."

"नाही गं. आमच्याच गाद्या कशाबशा मावतात. आणि नितीश घोरतो."

"बरं, पण तिकडे आपण भेटू तरी ना?"

तर आईंनी चष्मा लावला. वही उघडली. आखलेली हो, तांबड्या शाईने, तासांप्रमाणे! बोट वरून खाली, वरून खाली... मी परीक्षेचा निकाल ऐकायला उभी राहावी तशी उभी. शेवटी एका चौकोनावर बोट थांबलं.

"मंगळवारी दोन ते चार. तेवढ्या वेळात आम्ही मोकळ्या आहोत. या तुम्ही दोघं."

"दोनच तास?"

"आणि उशीर करू नका. जपान आहे."

नितीशने निमूट फोनमध्ये अलार्म लावला. मी आता गाड्यांचं वेळापत्रक बघतेय. दोनला पोचायचं तर ओतारूहून एकची गाडी धरली तरी चालेल म्हणे... नको बाई. आम्ही आपली बाराचीच धरतो.