दिलिजानमध्ये शारजाचं नाव

आर्मेनियाला गेलात तर वडिलांशी पैज लावू नका, एवढंच सांगते. ईदच्या सुट्टीत आम्ही दिलिजान नावाच्या छोट्याशा गावी गेलो होतो. मी तिथला इतिहास वाचून गेलेली, आणि बाबांचं आपलं एकच, "आमच्या शारजापेक्षा इथे पार्किंग बरंय."

शेवटी मी वैतागले. "बाबा, माणसं इथे इतिहास बघायला येतात! आज जो शारजाचं नाव काढेल, तो हरला. मी जिंकले तर अजून एक मठ बघायचा."

"आणि मी जिंकलो तर हॉटेलवर जाऊन झोपायचं."

बाबा तोंड घट्ट मिटून अख्खी जुनी गल्ली फिरले. मग आम्ही जंगलातल्या हाघार्त्सिन मठात पोचलो. मठ शेकडो वर्षांचा, पण दिसत होता अगदी ठणठणीत.

मी गाइडला विचारलं, "एवढी छान दुरुस्ती कुणी केली?"

"शारजाच्या शासकांनी देणगी दिली."

"शारजा?" मी किंचाळलेच.

"खलास! हरलीस," बाबा म्हणाले. "यल्ला, चल हॉटेलवर."

निघताना त्यांनी मठाच्या भिंतीवर थाप मारली. "काम चांगलं केलंय हं आपण."