नाव विचारणारे पत्ते

वसंता, खरं सांगजो, पत्त्यात भरोसा ठेवावा तरी कोणावर? माणसावर की मशीनवर? मी आपला म्हणत होतो, मशीनवर.

आमची मयुरी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकते. तिनं पत्त्यांचा एक साधा गेम लिहिला. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आधी आपलं नाव टाकायचं, मग आपल्याला एक पान, कम्प्युटरला एक. मोठं पान ज्याचं, तो जिंकला. मी दुकानात बसून खेळलो आणि दरवेळी जिंकलो. अख्ख्या लाइनीत सांगत फिरलो, "आपल्याले कम्प्युटरही हरवू शकत नाई!"

ते ऐकून शेजारचा देवराव आला. त्यानं स्वतःचं नाव टाकलं, हरला. पुन्हा टाकलं, पुन्हा हरला. मग बेट्यानं माझं नाव टाकलं, अन् जिंकतच सुटला! मी तसंच दुकानाचं शटर ओढलं.

घरी जाऊन विचारलं, "मयुरे, असं काऊन होते?"

"बाबा, मी एक ओळ जास्तीची लिहिली. तुमचं नाव आलं की मोठं पान तुमाले. तुमी हरले की जेवत नाई ना."

"अवं, पण ही तर सरळ बेइमानी झाली!"

तर मयुरीची आई स्वयंपाकघरातून म्हणते, "तिनं आत्ता केली. मी तं लगन झाल्यापासून तुमच्यासंग खेळताना चांगली पानं दाबून हरून राह्यली."

वसंता, म्हणून आज पानं वाटायच्या आधीच हात जोडतो. मी जेवून आलो आहे. हिशोब खरा ठेवजो, हरलो तर हरलोच लिहिजो.