म्हैसूरपाकाचे पुडे

मांडव्याला बोटीतून उतरून मी अलिबागच्या बससाठी रांगेत उभी होते. माझ्यापुढे पन्नाशीचं एक जोडपं होतं. पायाशी बॅग आणि मिठाईची भलीमोठी पिशवी.

"सगुणा, येवढा म्हैसूरपाक कोनासाठी गो?"

"आळीत वाटायला. फिरून आल्यावर वाटतात ना."

"कोन घेईल आपल्या हातचा? गावकीनं वाळीत टाकल्याला वरीस झाला."

"दुकानात ध्यानातच न्हाय आलं वो. मनात घरं मोजली, तेवढे पुडे घेतले."

"असा कसा इसरलीस?"

"चार दिवस म्हैसुरात समदी बोलत होती आपल्याशी. राजवाड्यात त्या बाईनं आपला फोटो काढून दिला. हाटेलातला वाढपी सांबार घेऊन तीनदा आला. अजून वाढू का, इचारत होता."

"त्याचा कामच हाय ता."

"असंल. पन इचारलं ना."

"मी कोर्टात साक्ष दिली नसती, तर तुझ्यावर ही पाळी आली नसती."

"खरीच दिली ना? मग पुन्हा तो विषय काढू नका. ती बघा, पुढं शेवंता उभी हाय. आपल्या शेजारची."

"बघितला मी. तिनं पन बघितला."

"व्हय. आनि तोंड फिरवलं."

बस लागली. रांग पुढे सरकली, पण सगुणा तिथेच थांबली आणि माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी कुठल्या?"

"रेवदंड्याची."

"म्हंजे आमच्या गावच्या न्हाय. मग एक पुडा घ्याल?"