अकरा आवर्तनं

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. योकोहामातल्या इस्पितळात सदानंदांना पक्षाघात झाला म्हणून आणलं होतं. बाहेर बाकावर त्यांची पत्नी आणि सून विभा.

“आई, झटका नक्की कधी आला? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात.”

“घड्याळ कोण बघतं गं? ते ब्रिटिश चॅनेल चालू होतं. बागकाम संपलं, जुन्या वस्तूंचा लिलाव लागला, आणि यांच्या हातून कप सुटला.”

“लिलाव इथल्या सव्वानऊला लागतो. म्हणजे मुदत पावणेदोनलाच टळली.”

“पण बागकामाच्या मधेच पूजेसाठी मी टीव्ही थांबवला होता. मग तिथूनच पुढे पाहिलं.”

“किती वेळ थांबवला?”

“संकष्टी ना आज. स्तोत्राची अकरा आवर्तनं.”

“एक आत्ता म्हणा. मी वेळ लावते, दोन अकरा झालेत. एकाला तीन मिनिटं लागत असतील, तर मुदत अजून आहे.”

दोन वाजून चौदा मिनिटांनी डॉक्टर दारात आले. आवर्तन अजून चालू होतं.