निम्म्या हिरीतली मीटिंग

...न्हाई न्हाई, हसू नका! तुमी एकदा त्या बादलीत बसून बगा, मंग हसा. खाली तीस फूट हीर, वर तीस फूट हीर, मधी मी लटकलोय, आन् वर काय चाललंय? मीटिंग! माझीच मानसं, माझंच इंजिन, आन् इषय काय, तर मला वर काढायचं का खाली सोडायचं! तुमाला सांगतो, मानसानं काय वाट्टेल त्ये करावं, पन नगरला जाऊन भाषन ऐकू नये. बोला म्हनालो हुतो ना मी त्यांना? मीच म्हनालो हुतो. बोलले!

आता तुमी म्हनाल, आप्पासाहेब, तुमी सोनईचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी, तुमी कशाला हिरीत उतरला? अहो, धंदाच त्यो हाय माझा! हिरी खोल करून द्यायचा. यारी बगितलीय ना? हिरीच्या त्वांडावर लोखंडी सांगाडा, मागं इंजिन, इंजिनावरनं चाकावर तारेचा दोर, आन् दोराला ही एवढी बादली. बादलीतनं मानसं खाली जात्यात, दगूड वर येतो. आदी एकच यारी हुती माझी. मंग ह्ये बहात्तर साल आलं, पाऊस जो पळाला त्यो पळालाच, हिरींचं तळ उघडं पडलं, आन् जो तो माझ्या दारात. 'आप्पासाहेब, आमची हीर खाली न्या!' 'आप्पासाहेब, आमची आदी!' लोकांच्या तोंडचं पानी पळालं आन् माझा धंदा वाढला. सांगाया चांगलं वाटत न्हाई, पन खरं हाय. एकीच्या तीन यारी झाल्या.

आन् तीन यारींना मालक किती? एक! फटफटीवरनं ह्या हिरीवरनं त्या हिरीवर, बूड टेकाया फुरसत न्हाई. 'आप्पासाहेब, दगूड डाव्या अंगाला टाकू का उजव्या?' 'आप्पासाहेब, इंजिन तापलंय, बंद करू का?' अरं कर की बाबा! 'न्हाई, म्हनलं तुमाला इचारावं.' एकदा तर जेवाया बसलो, पयला घास त्वांडात, तवर आमचा छगन सायकल मारीत दारात. काय झालं रं? घामाघूम! म्हनतो कसा, 'आप्पासाहेब, तिकडं ढग आल्यावानी वाटतंय, इंजिनावर ताडपत्री टाकू का?' ढग! त्या सालात! बरं, टाकून तरी यायचं... टाकू का म्हनून इचाराया आला! दोन कोस! जेवन निवलं, बायको म्हनाली, 'तुमी मेला तर ही मानसं सरनावर येऊन इचारतील, पेटवू का म्हनून.' बायकोच ती, पन तिचं तरी काय चुकलं?

मला घोर लागला ओ. उद्या चौथी यारी घेतली तर? उद्या मी आजारी पडलो तर? हाताखाली एक तर मानूस पाह्यजे का न्हाई, जो मागं वळून न बगता म्हनंल, मी बगतो! तेवढ्यात कुनीतरी सांगितलं, नगरला धंदेवाल्यांचं शिबिर हाय. गेलो. पुन्याचे सायेब, पांढरा सदरा, इस्तरी अशी की माशी घसरंल. म्हनाले, 'मित्रहो, जो मालक प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो, त्याच्याकडं हात वाढतात, माणसं वाढत नाहीत! त्यांना बोलू द्या. त्यांना सगळ्यांना मिळून ठरवू द्या. आणि मालकानं मध्ये बोलू नये!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. त्या सायबाला काय जातंय, त्यो थोडाच बादलीत बसनार हुता?

आलो घरी, दुसऱ्या दिवशी पयल्या यारीवर गेलो, सगळ्यांना गोळा केलं. आमचा इंजिनवाला गोरक्षनाथ, पाथर्डीकडचा, इंजिनाचा बिरेक त्याच्या हातात. बादली वतून रिकामी करनारा ह्यो छगन. आन् दगूड वाहनाऱ्या बाया, त्यात वयानं मोठी झुंबरबाई. खाली खनाया जानारी मानसं बी हुती. च्या केला, भेळ आनली, हुबा राह्यलो आन् म्हनालो, 'आजपास्नं मी मधी बोलनार न्हाई. काय अडलं तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एकट्यानं न्हाई आन् मला इचारून तर न्हाईच न्हाई. आन् मनात असंल त्ये मोकळेपनानं बोलायचं. हं, बोला!'

गप.

'अरं बोला की! मी काय वाघ हाय?' गप. एक जन खोकला. झुंबरबाईनं पदर नीट केला. मी वाट बगतोय, बगतोय... शेवटी गोरक्षनाथ भुईकडं बगत म्हनला, 'च्या चांगला झालाय.' छगन म्हनला, 'भेळ बी.' झाली मीटिंग!

आन् मंग पुढच्याच आठवड्यात ही हीर. गडी जेवाया वर आल्ते, म्हनले, 'खाली खडकाला ओल दिसती.' ओल! त्या उन्हाळ्यात ओल म्हनलं तर मेलेलं मानूस उठून बसंल! हिरीचा मालक तर हातच जोडून हुबा. म्हनलं, मीच जाऊन बगतो. तुमाला सांगतो, तीन यारींचा मालक, पन बादलीत मी कदी बसलोच नव्हतो. बसलो. गोरक्षनाथानं बिरेक सोडला, बादली निगाली खाली... गार वारं लागाया लागलं, बरं वाटलं जरा... आन् टण्ण! वर कायतरी वाजलं, बादली जागच्या जागी हुबी, आन् गरागरा फिराया लागली! घडीत त्वांड नेवाशाकडं, घडीत त्वांड शिंगणापूरकडं!

'काय झालं रं?' वर गोरक्षनाथाचं मुंडकं दिसलं, एवढंसं. 'आप्पासाहेब, जरा थांबा हां.' थांबा? मी काय चालत हुतो? 'दोराची एक तार तुटली. मीटिंग घेतोय.'

मीटिंग!

'अरं मीटिंग कसली, वर वढ मला!' 'एकट्यानं ठरवायचं न्हाई, तुमीच म्हनला.' 'मंग मी सांगतो, वढ!' 'तुमी मधी बोलायचं न्हाई, त्ये बी तुमीच म्हनला.' मधी बोलायचं न्हाई म्हंजी? मधीच हाय की मी, दुसरीकडं कुटं जाऊ? पन काय करता! बोला म्हनालो हुतो ना मी? मीच म्हनालो हुतो.

मी आपला दोन्ही हातांनी दोर धरलेला, जसा काय माझ्या धरन्यानंच त्यो टिकनार हाय! आन् वरनं एकेक शब्द कानावर येतोय. गोरक्षनाथ म्हनतोय, 'वर घ्यावं.' छगन म्हनतोय, 'वर घेताना तुटका भाग चाकावरनं जाईल, काडकन तुटंल. खाली सोडावं.' गोरक्षनाथ म्हनतोय, 'खाली सोडताना बी भार त्याच्यावरच हाय.' ऐकताय ना तुमी? माझ्या मरनाच्या दोन वाटा, आन् मी वरनं ऐकून घेतोय... खालनं, खालनं ऐकून घेतोय! मंग छगन म्हनला, 'तरी मी म्हनत हुतो, दिवाळीच्या आदीपास्नं ह्या दोराच्या तारा निगत्यात.'

दिवाळीच्या आदीपास्नं! मी वरडलो, 'मंग मला सांगितलं का न्हाई?' मंग छगनचा आवाज, बारीक, 'सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, लई शाना झालास व्हय?'

मी खालनं बोंबललो, 'मी आसं कवा म्हनतो रं? लई शाना झालास व्हय?'

आन् हीर म्हंजी काय, घुमती ना ती... झालास व्हय... व्हय... व्हय... सगळ्या शिवारानं ऐकलं!

हसा, हसा. पन तवा मला काय वाटलं, सांगू? हसू न्हाई आलं. रोज सकाळी ह्याच बादलीत, ह्याच दोरावर ही मानसं खाली जात हुती. बसताना दोराकडं बगत असतील, मंग माझ्याकडं बगत असतील, आन् गप बसत असतील. म्हंजी दोर तुटायच्या भ्यावापरीस माझ्या तोंडाचं भ्याव मोठं! डोळ्याला पानी आलं ओ माझ्या. बरं, पुसाया हात सोडावा तर दोर सुटतोय!

तवर झुंबरबाई वाकली. 'आप्पासाहेब, आता इषय निगालाच हाय तर सांगते. त्यो प्यायाच्या पान्याचा माठ डिझलच्या पिपाजवळ नगा ठिवू. पान्याला वास मारतो. बायांना मळमळतंय.'

'अहो बाई, मला आदी वर तर घ्या!'

'वर घेतल्यावर तुमी ऐकता व्हय?'

मंग गोरक्षनाथाला बी धीर आला, 'चार मानसांत आयमाय काढू नका, आप्पासाहेब, पोरं मोठी झालीत माझी.' खाली खनाया जानारा एक म्हनला, 'दुपारी जरा सावली पाह्यजे.' एकामागनं एक, एकामागनं एक! च्या पाजून जे आलं न्हाई, भेळ चारून जे आलं न्हाई, त्ये सगळं हिरीच्या कडंवरनं माझ्या डोक्यावर पडतंय, आन् त्येंना माझं त्वांड दिसत न्हाई, म्हनूनच पडतंय! मी खालनं आपलं, 'व्हय... व्हय... बराबर हाय... व्हय...' तेवढ्यात पुना टण्ण! दुसरी तार!

'एकमत झालं का रं?' मी. 'न्हाई,' गोरक्षनाथ. 'मी वर म्हनतो, छगन खाली म्हनतो.'

आन् मंग झुंबरबाईचा आवाज आला. असा आवाज मी त्या बाईचा कदी ऐकला न्हाई. 'मसनात गेली तुमची मीटिंग! मानूस लटकलंय तिथं! गोरक्ष्या, बिरेक धर, हलवू नगस! छगन, पळ, ह्या हिरीवाल्याच्या मोटंचा जाड नाडा खोपीत टांगलाय, त्यो आन! बैलं चाऱ्याच्या छावनीत गेलीत, तवा बाप्यांनो, समदे या, बायांनो, पदर खोचा!' मी त्वांड उघडलं, 'झुंबरबाई, मी काय म्हनतो...' 'तुमी काय बी म्हनू नगा! त्वांड मिटा आन् नाडा काखंतनं बांदा!'

'व्हय बाई.'

माझ्या त्वांडातनं निगालं ह्ये. व्हय बाई! नाडा आला, बांदला, वर वीस-पंचवीस हात, त्यात हिरीचा मालक बी, आन् मला वढलं, खडकाला घासत, गुडघं फोडीत, पन वढलं. वर आलो, भुईवर पालथा पडलो, तर मागनं काडकन दोर तुटला आन् बादली धाडदिशी तळाला! सगळी माझ्याकडं बगत्यात. मला ठावं हाय कशाची वाट बगत्यात. आन् माझी जीभ बगा, मेली... 'लई शा...' म्हनून निगालीच! चावली मी ती. म्हनलं, 'पानी द्या.'

झुंबरबाईनं माठातलं तांब्याभर दिलं. पयला घोट घेतला... डिझल! नुसतं डिझल! पन गटागटा प्यालो. निम्मं नाकातनं आलं.

तिनी यारींना नवं दोर घेतलं. माठ लिंबाखाली नेला. सावलीला छप्पर केलं. गोरक्षनाथाची आयमाय... प्रयत्न चाललाय. आन् पयल्या यारीचं काम मी आता बगतच न्हाई, झुंबरबाई बगती. म्हनलं, आता झालं, मानसं बोलती झाली! पुना च्या केला, भेळ आनली, हुबा राह्यलो, म्हनालो, 'हं, बोला!'

गप.

'अरं बोला की!' गोरक्षनाथानं भुईकडं बगितलं. 'च्या चांगला झालाय.' छगन म्हनला, 'भेळ बी.' झुंबरबाईनं सुदीक पदर नीट केला ओ!

मंग काय करता? आता दर बाजारच्या दिवशी जातो, बादलीत बसतो, निम्म्या हिरीत लटकतो, आन् खालनं वरडतो, 'हं... बोला!' बोलत्यात. लई बोलत्यात. आन् मला वर कवा काढायचं, त्ये सगळी मिळून ठरवत्यात.