मामा ‘नाही’ म्हणायला शिकतात

(भूतानमधला त्रोंगसाचा मठ. बँकेत नोकरी करणारी रिन्झी आणि तिचे भिक्खू मामा, लोपेन म्हणजे गुरुजी थुकतेन.)

रिन्झी : झालं! सांगितलात ना ओटीपी? गेले की पैसे!

मामा : अगं, तू मागितलास.

रिन्झी : मी आत्ता रिन्झी नव्हते, फोनवरची चोर होते. सकाळी अख्ख्या मठाला हेच शिकवलं, आणि माझाच मामा नापास.

मामा : पण आवाज किती केविलवाणा काढलास. ‘नोकरी जाईल हो लोपेन, पोरं लहान आहेत...’ मला भरूनच आलं.

रिन्झी : मागच्या महिन्यातही असंच भरून आलं होतं. निम्मे पैसे गेले. कशासाठी साठवले होते ते?

मामा : तुझ्या आईला बोधगया दाखवायला. मला पाठीला बांधून वाढवलंय तिनं.

रिन्झी : ती मागावर नवी किरा विणतेय. गयेला नेसायला. उरलेलेही गेले, तर ती नेसून जाणार कुठं? भाजीच्या वाफ्यात?

मामा : नको गं असं बोलू. दारी आलेल्याला रित्या हातानं धाडू नये, हेच जन्मभर घोकलं. शिवाय खोटं बोलायचं नाही. मग ‘आकडा आलाच नाही’ असं कसं म्हणू?

रिन्झी : खोटं कुठं बोलायचंय? मठातल्या वादसभेत समोरचा भिक्खू टाळी वाजवून प्रश्न टाकायचा, तेव्हा लगेच ‘हो’ म्हणायचात?

मामा : छे! ‘कारण?’ म्हणायचो. भल्याभल्यांना घाम फोडलाय मी.

रिन्झी : मग फोनवरही तेच. ही घ्या टाळी! लोपेन, बँकेतून बोलतेय. खातं बंद पडतंय, ओटीपी सांगा.

मामा : कारण?

रिन्झी : चालू ठेवायचंय म्हणून.

मामा : आकडा बँकेनंच धाडला, आणि बँकच मला विचारते? सिद्ध होत नाही!

रिन्झी : नोकरी जाईल हो, पोरं लहान आहेत...

मामा : ...जेवलीस का, बाई?

रिन्झी : मामा!

मामा : नुसतं विचारलं. आकडा नाही देणार.

रिन्झी : शाब्बास! चला, निघते मी. तेवढे आईचे पैसे मुदत ठेवीत टाकते जाता जाता. आता आलाय तो ओटीपी सांगा.

मामा : कारण?

रिन्झी : अहो, मीच आहे. तुमची रिन्झी.

मामा : माहीत आहे. नाही, पोरी.

रिन्झी : ...डोळ्यांत पाणी कशाला? बरोबर उत्तर दिलंत.

मामा : जन्मातला पहिला नकार, आणि तो तुला. थांब जरा. चहा घेऊन जा. तो मी न मागता देतो.