बाकी काहीही असो

हो, पाचव्यांदा. मोजताय ना आजोबा? इथल्या रीतीप्रमाणे बाहेर पाच बाबागाड्यांत बाळं झोपलीत, बाकीच्या चौघी आया इथे कॅफेत निवांत कॉफी पितायत — आणि मी तेवढी सारखी दार उघडून सगळ्यांच्या पायांवर गार वारा सोडतेय. बाहेर जाऊन काय करते? माझ्या सिग्नेच्या नाकाखाली बोट धरते. श्वास आहे का बघते. असतो. मग आत येते — आणि खुर्चीत टेकेपर्यंत वाटतं, मघाशी होता, पण आता?

हसा. पण माझं कामच ते होतं. रजेवर यायच्या आधी तान्ह्या बाळांच्या वॉर्डातल्या यंत्राचा प्रोग्रॅम लिहीत होते — श्वास बिघडला की घंटा वाजवायची. आमची भाषा मोठी संशयी. संगणकाची हो, स्वीडिश नव्हे! प्रोग्रॅम चालण्याआधीच उलटतपासणी घेते — असं झालं तर? तसं झालं तर? एकेका शक्यतेचं उत्तर दिल्याशिवाय पुढे सोडत नाही. श्वास थांबला — घंटा. मंदावला — घंटा. राहिलं काय? ‘नीट चाललाय’, एवढंच. ते शब्दांत लिहायचं सोडून मी नुसती आडवी रेघ ओढली. त्या रेघेचा अर्थ — बाकी काहीही असो, गप्प बस. का ओढली? छान दिसते म्हणून! आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत यावरून भांडणं होतात, आणि मी आटोपशीर दिसण्यावर भाळणाऱ्यांतली.

तेव्हा ते बरोबरच होतं. काल तोर्केलनं — शेजारच्या टेबलावर बसायचा — ऑफिसातल्या शुक्रवारच्या केकचा फोटो पाठवला. ‘सोमवारी आपलं यंत्र वॉर्डात जातंय, तुझ्या वाटचा तुकडा मी खाल्ला.’ फोटोत केकच्या मागे फळा होता. त्यावर माझ्या तीन शक्यतांच्या खाली नवी चौथी — ‘पट्टी सुटली.’ बाळाच्या छातीवरची, श्वास मोजणारी पट्टी. माझी रेघ नसती तर भाषेनंच अडवलं असतं — या चौथीचं काय करता, सांगा. रेघेनं ती गिळली. पट्टी सुटेल आणि यंत्र गप्प बसेल. नर्सला वाटेल, बाळ झोपलंय. चाचणीत सापडेलही म्हणा. नाही सापडलं तर?

फोन? नाही केला. कालपासून हातात धरून बसलेय. लाज वाटते म्हणून — नाही, लाज नाही. खरं सांगू? चूक दिसली तेव्हा आधी फोटो मोठा करून पुन्हा वाचला, आणि मग — बरं वाटलं. हेनिंग, म्हणजे सिग्नेचे बाबा, तीन-तीन आठवडे बोटीवर. रजेच्या या सात महिन्यांत मला कुणी कसलं मत विचारलेलं नाही. केकचे फोटो पाठवतात. हे एकच माझ्याकडे असं आहे, जे त्यांना ऐकावंच लागेल. आणि तोर्केल म्हणाला, ‘अगं, ते केव्हाच सापडलं, तू झोप काढ’ — तर? मग तेही संपलं. म्हणून एक दिवस जपून ठेवलं. जपून! कुणाच्या तरी बाळाच्या —

नका, काही बोलू नका. बोललात तर मी अजून तासभर बसेन इथे. तुमची ट्राम आली बघा, कोट घाला. आजोबा — जाता जाता तिच्या गाडीत डोकावाल? बोटबीट नको, नुसतं बघा. ठीक असेल तर हात करा, मी खिडकीतून बघतेय. जा.

हॅलो, तोर्केल? मी इल्वा. नाही, केकचं नाही रे. हातातलं खाली ठेव आणि — थांब, एक सेकंद — हं. केला त्यांनी हात. ऐक आता.